वरचा रुपया

गेल्या दिवाळीच्या आधी सुरतेला एका मोठ्या दुकानात खरेदी केली. बिल झालं ६४७ रुपये. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "काका, छसो पचास करी दऊं? त्रण रुपिया दानमां जशे." माझ्यामागे चार माणसं ट्रॉल्या घेऊन उभी होती. मी "करी दो" म्हणालो. घरी येऊन चष्मा लावून बिल वाचलं, तर शेवटच्या ओळीत फक्त 'दान ३.००' असं छापलेलं. कुणाला दान, कशासाठी, कोणत्या संस्थेला, याचा एक शब्द नाही. तीन रुपयांसाठी कोण परत जाणार? मीही गेलो नाही.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. पण यंदा जूनमध्ये आपल्या मंडळाच्या सभेत एक प्रस्ताव आला. आपल्यापैकी ज्यांची बारडोलीत दुकानं आहेत, त्यांनी गणेशोत्सवापासून प्रत्येक बिलावर एक रुपया वरचा घ्यावा आणि तो ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वह्या-पुस्तकांच्या निधीत जमा करावा, असा तो प्रस्ताव. दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून जे कोयते आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात, त्यांचे पडाव आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ती माणसं आपल्याच भाषेची, निदान आपल्या भाषेच्या शेजारची. त्यामुळे कामाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद झाला तो रुपयाबद्दल. कुणी म्हणालं, गिऱ्हाइकाला विचारायचं कशाला, एक रुपयानं कुणाचं काय जातं? कुणी म्हणालं, विचारलं तर दहातले आठ नाही म्हणतील. कुणी म्हणालं, हे सगळं अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, आपल्यात असलं काही नव्हतं.

या शेवटच्या वाक्यावर मी हात वर केला. आपल्यात हे होतं, आणि भरपूर होतं, असं म्हणालो. मग सभेनं शिक्षा म्हणून हा लेख माझ्या गळ्यात घातला.

मला हे ठाऊक होतं त्याचं कारण माझे वडील. ताप्ती व्हॅली रेल्वे झाल्यापासून खानदेशातून सुरतेकडे येणं सोपं झालं, आणि आपल्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमचं घरही त्याच रुळांवरून इकडे सरकलं. वडील अमळनेरचे. इथे एका कापसाच्या पेढीवर कारकून म्हणून लागले, गुजराती मोडीवजा अक्षर शिकले आणि आयुष्यभर लाल बासनातल्या वह्या लिहीत राहिले. त्या वह्यांत शेठजींच्या घरखर्चाचं खातं असे, आडतीचं असे, व्याजाचं असे आणि एक 'धर्मादा खाते' असे. कापसाच्या प्रत्येक सौद्यावर काही पै या खात्यावर चढत. पैसे शेठजींच्या खिशातून येत नसत. घेणाऱ्याकडून नाहीतर विकणाऱ्याकडून, सौद्याच्या वर म्हणून ते घेतले जात. म्हणजे काउंटरवरच्या मुलीनं मला जे विचारलं ते माझ्या वडिलांनी हजारो वेळा वहीत लिहिलं होतं. फरक एवढाच, की त्या काळी कुणी विचारत नसे.

गुजरातच्या व्यापारी शहरांत ही पद्धत फार जुनी. एखाद्या मालावर किती 'लागा' बसवायचा हे महाजन ठरवी. कापूस, धान्य, साखर, हुंडी, ज्याचा व्यापार त्याच्यावर थोडा थोडा लागा, आणि त्यातून पांजरापोळ चाले, धर्मशाळा चाले, देवळाचा खर्च निघे. सुरतेच्या दानधर्माचा इतिहास डग्लस हेन्स या अमेरिकन अभ्यासकानं चांगला लिहिला आहे. त्यांच्या लिखाणातून दिसतं ते असं, की या शहरात दान ही केवळ खासगी पुण्याची गोष्ट नव्हती, बाजारातली पत त्याच्याशी बांधलेली होती. महाजनाचा शब्द मोडणाऱ्याशी बाकीचे व्यवहार बंद करू शकत. तेव्हा लागा ऐच्छिक म्हणायचा तो कितपत, हे तुम्हीच ठरवा.

मुंबईचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. १८३२ साली सरकारनं भटकी कुत्री मारायला माणसं लावली आणि त्यावरून पारशी मंडळींनी फोर्टात मोठा दंगा केला. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी यांनी मिळून भुलेश्वरजवळ पांजरापोळ काढली. तिला सुरुवातीला मोठ्या देणग्या मिळाल्या, पण रोजचा चारा देणग्यांवर चालत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून घेतला. त्यात कापूस होता, साखर होती आणि अफूही होती. चीनला जाणाऱ्या अफूच्या पेटीवर मुंबईतल्या म्हाताऱ्या गायीचा वाटा! इतिहासात असे विचित्र शेजार पुष्कळ सापडतात. मी यावर काही भाष्य करत नाही, पण आजही कोणत्या मालावर कसलं दान छापलं जातं हे पाहण्यासारखं असतं.

आता दुसरी बाजू. हा धर्मादा शेवटी जाई कुणाच्या खिशातून? शहरात व्यापारी व्यापाऱ्याला माल विकी तेव्हा दोघंही हिशेब जाणणारे. पण खेड्यातला शेतकरी कापसाची गाडी घेऊन येई तेव्हा त्याच्या पट्टीवर आडत, तोलाई, हमाली, कडता, नमुना आणि या सगळ्यांच्या ओळीत धर्मादाय, गोरक्षण असे आकडे पडत. ज्याचं नाव देवाच्या दारात लिहिलं जाणार तो शेठ, आणि ज्याचा पैसा तो शेतकरी. वडील एक गोष्ट नेहमी सांगत. एक म्हातारा पाटीदार पट्टी हातात घेऊन त्यांना विचारू लागला, "आ शेनुं काप्युं?" वडील म्हणाले, "धर्मादानुं." म्हातारा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "धरम मारो, ने नाम शेठनुं?" वडिलांकडे उत्तर नव्हतं. ही गोष्ट सांगताना ते हसत, पण हसून झाल्यावर थोडा वेळ काही बोलत नसत.

त्या म्हाताऱ्याची तक्रार एकट्याची नव्हती. वऱ्हाडात १८९७ सालीच कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा आला, आणि त्याखाली ज्या बाजारांना शिस्त लागली त्यात आपल्या खानदेशातलं धुळे पुढे होतं. त्याच सुमारास लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालचं शेती कमिशन देशभर फिरलं. १९२८ साली त्याचा अहवाल आला, त्यात बाजारातल्या या मनमानी कपातींची नोंद आहे, आणि दानधर्माच्या नावानं होणारी कपातही तीत येते. नियंत्रित बाजार करण्यामागचा मुख्य विचार साधा होता. काय कापायचं ते आधी ठरवा, उघड लिहा, आणि त्याच्या पलीकडे एक पैही कापू नका.

१९२८ म्हटलं की बारडोलीकराचे कान टवकारतातच. त्या वर्षी आपल्या तालुक्यात जे झालं तो लढाही शेवटी हिशेबाचाच होता. जमीन महसुलात आधी ३० टक्के वाढ सुचवली गेली. ती सुचवणारे सेटलमेंट अधिकारी जयकर, म्हणजे आडनावावरून आपलेच! मग सरकारनं ती २२ टक्क्यांवर आणली. शेतकऱ्याला कापसाचे किती मिळतात आणि त्यातून काय काय जातं, हे नीट न पाहता काढलेला तो आकडा होता. सत्याग्रह संपल्यावर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी गावोगाव चौकशी केली. महादेवभाई देसाई आणि नरहरी परीख यांनी शेतकऱ्यांचे जमाखर्च त्यांच्यापुढे मांडले. २२ टक्क्यांचे सहाच्या आसपास आले. पट्टीवरची एकेक कपात मोजली तर मोठ्या साहेबाचा आकडाही कसा खाली येतो, हे आपल्या गावानं देशाला दाखवलं.

त्या लढ्याला पैसा लागला, आणि तो देशभरातून आला. विठ्ठलभाई पटेल तेव्हा दिल्लीत विधिमंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी लढा चालेपर्यंत दरमहा हजार रुपये द्यायचं कबूल केलं. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे कुंझरू, वझे आणि ठक्करबाप्पा स्वतः येऊन पाहून गेले आणि शेतकऱ्यांची बाजू बरोबर आहे असं त्यांनी लिहिलं. आधी पाहणी आणि मग पाठिंबा, हा क्रम मला फार आवडतो. आपण काउंटरवर नेमकं उलट करतो. आधी 'करी दो' म्हणतो, आणि पाहणी कधीच करत नाही.

आता कायद्याकडे वळतो. हा भाग थोडा रूक्ष आहे, पण आपल्या प्रस्तावाचा जीव यातच आहे, म्हणून सोडू नका.

१९५० साली मुंबई राज्यानं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला. तेव्हा बारडोली आणि अमळनेर एकाच राज्यात होती. १९६० साली राज्यं वेगळी झाली, पण हा कायदा दोघांनीही ठेवला. पुढे नावं बदलून एक गुजरातचा झाला, एक महाराष्ट्राचा. मूळ एकच. त्याचं ५४ वं कलम खास 'धर्मादा' या गोष्टीवर आहे. कायद्यातला शब्दही तोच, बाजारातला. कलमाचा आशय असा: धंद्यातल्या रूढीनं किंवा करारानं, कोणत्याही नावानं, धर्मादाय कामासाठी म्हणून जी रक्कम गिऱ्हाइकाकडून घेतली जाते, ती घेणाऱ्याची होत नाही. तो तिचा विश्वस्त होतो. त्यानं तिचा वेगळा हिशेब ठेवायचा आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत तो धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यायचा.

सभेत कुणीतरी म्हणालं होतं, "एक रुपयाला कसला आलाय कायदा?" तर त्या एका रुपयालाच हा कायदा आहे. दुकानदार ज्या क्षणी 'दानाचा' म्हणून रुपया घेतो त्या क्षणी तो दुकानदार राहत नाही, ट्रस्टी होतो. गल्ला एक असला तरी पैसे दोन जातीचे होतात.

मग साहजिकच प्रश्न येतो, हा पैसा दुकानदाराचं उत्पन्न धरायचा का? या प्रश्नावर आयकर खातं आणि व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. सर्वात गाजलेला खटला हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचा. ती गिरणी सुताच्या प्रत्येक बंडलावर एक आणा आणि कापसाच्या गाठीवर दोन आणे धर्मादा घेई. बिलात तो आकडा वेगळा दाखवी आणि वहीत वेगळ्या खात्यावर ठेवी. आयकर खातं म्हणे, हे तुमचंच उत्पन्न. त्यांच्या हाती एक जुनं हत्यारही होतं. १८९९ साली मुंबईचाच एक खटला विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. एका गृहस्थानं मृत्युपत्रात आपली मालमत्ता 'धरम' या कामाला ठेवली होती. तिथल्या न्यायमूर्तींनी इंग्रजी कोश उघडला, त्यात धर्म या शब्दाचे कायदा, सद्‌गुण, कर्तव्य असे अनेक अर्थ सापडले, आणि त्यांनी ठरवलं की हा शब्द इतका मोघम आहे की असं दान अंमलात आणताच येणार नाही. दान रद्द!

मला हा निकाल वाचून हसू आलं आणि रागही आला. आपल्याकडे 'धर्म कर गं माय' म्हणून दारात आलेल्या माणसाला कोणत्याही बाईनं कधी कोश उघडून अर्थ विचारला नाही. तिला बरोबर कळे, मूठभर तांदूळ हवे आहेत. पण कोर्टाचं कोर्टाला.

बिजली मिलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९७० च्या दशकाच्या अखेरीस निकाली निघालं, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते व्ही. डी. तुळजापूरकर. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. मृत्युपत्रातला 'धर्म' मोघम असेलही, पण व्यापारी रूढीतला 'धर्मादा' मोघम नाही. बाजारात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, की हा पैसा दानधर्मासाठी आहे. गिऱ्हाईक तो देतं तेव्हा मालाची किंमत म्हणून देत नाही. घेणाऱ्यावर पहिल्या क्षणापासून बंधन असतं. म्हणून ते गिरणीचं उत्पन्न नव्हे. एका मराठी न्यायमूर्तीला हा शब्द कोशाबाहेर, बाजारात माहीत असणार, असं आपलं मला वाटतं. हा माझा तर्क, निकालात तसं लिहिलेलं नाही.

तरी वाद मिटला नाही. आयकर संपला तर अबकारी खातं उभं राहिलं. त्यांचा मुद्दा निराळा: गिऱ्हाईक एकूण जितकं देतं त्या सगळ्यावर अबकारी बसला पाहिजे, मग त्यातल्या एका तुकड्याला तुम्ही धर्मादा म्हणा नाहीतर आणखी काही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानं खात्याच्या बाजूनं कौल दिला. मग संगमनेरच्या डी. जे. मालपाणी या तंबाखूच्या कारखान्याचं प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. कारखाना आपल्या बिलात धर्मादा वेगळा दाखवत होता. एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला, त्यात नागपूरचे शरद बोबडे होते. निकाल असा, की हा पैसा मालाचा मोबदला नाही, विश्वस्त म्हणून घेतलेला आहे, तेव्हा तो मालाच्या किमतीत मिळवायचा नाही. अफूच्या पेटीवरून तंबाखूच्या पुडीपर्यंत आलो, आणि प्रश्न तोच राहिला: वरचा पैसा कुणाचा?

यातून आजच्या काउंटरसाठी निघणारा अर्थ सरळ आहे. तुम्ही-आम्ही दिलेले तीन रुपये दुकानाचे नाहीत. म्हणजे ते दुकानाचं उत्पन्न नाही, आणि त्याच कारणानं ते दुकानाचं दानही नाही. पुढे कुठल्या समारंभात त्या रकमेचा मोठा पुठ्ठ्याचा चेक देताना कुणी फोटो काढत असेल, तर त्या फोटोत खरं म्हणजे ट्रॉली घेऊन उभी राहिलेली सगळी रांग यायला हवी. माझ्या वडिलांचा म्हातारा पाटीदार हेच म्हणत होता, फक्त त्याच्याकडे वकील नव्हता.

इथपर्यंत सगळं गुजरातचं आणि व्यापाऱ्यांचं झालं. आपल्या मराठी मुलखात सुट्या पैशाचा इतिहास वेगळ्या अंगानं गेला. तिथे पेढ्या थोड्या, पण मास्तर, कारकून आणि वक्ते भरपूर. त्यामुळे तिथे पैसा बिलावर चढला नाही, दारोदार मागितला गेला.

अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात एक साधा हिशेब आला. देशात कोट्यवधी माणसं आहेत. प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचे. या कल्पनेचं नाव 'पैसा फंड'. काळे गावोगाव हिंडले. लोक सुरुवातीला हसले असतील, आणि हसणं साहजिकच होतं, कारण जुन्या रुपयाचे पैसे ६४. एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तर होतात १,५६२ रुपये ८ आणे. लाख माणसांच्या दारात जायचा खर्च किती, हे ज्यानं गणपतीची वर्गणी गोळा केली आहे त्याला वेगळं सांगायला नको. चपलांचेच पैसे जास्त होतील. लोकमान्यांनी मात्र या कल्पनेला हात दिला, आणि स्वदेशीच्या लाटेत पैसा फंडाला बळ आलं. १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून आले. नुसता माल काढणं एवढंच तिथे नव्हतं, काचेचं काम शिकवणंही होतं. तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले.

मला पैसा फंडाबद्दल दोन गोष्टी विशेष वाटतात. एक, काळ्यांनी मागताना सांगितलं की कशासाठी मागतो, आणि पुढे लोकांना दाखवता येईल अशी भट्टी उभी राहिली. दिव्याची काच हातात घेऊन एखादा म्हणू शकत होता की यात माझा पैसा आहे. दुसरी, एक पैसा ही रक्कम मुद्दाम लहान ठेवली होती, पण ती न कळत जावी म्हणून नाही. हमालालाही देता यावी आणि दिल्यावर त्याला सावकाराच्या बरोबरीनं बोलता यावं म्हणून. आजच्या 'राउंड' करण्यात रक्कम लहान असते ती लक्षात येऊ नये म्हणून. लहानपण तेच, हेतू उलटा.

या नावाचं आकर्षण पुढेही राहिलं. कोकणात संगमेश्वरला 'व्यापारी पैसा फंड' या नावाची संस्था आहे आणि तिची शाळा पैसा फंड हायस्कूल म्हणूनच ओळखली जाते. नावात व्यापारी आणि पैसा दोन्ही, आणि काम मात्र शाळेचं. आपल्या प्रस्तावाच्या इतकं जवळचं नाव दुसरं सापडणार नाही. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर पैसाही मागितला नाही. रयतच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढलं गेलं. ज्या घरात रोकड नव्हती त्या घराचाही त्यात वाटा झाला.

आणि गणेशोत्सव? आपण ज्या अंकात हे वाचत आहात तोच सुट्या पैशांवर उभा आहे. सार्वजनिक गणपतीची वर्गणी म्हणजे आपला मराठी लागाच. तिलाही सक्तीचा वास अधूनमधून येतो. पावतीपुस्तक घेऊन दहा तरुण दुकानापुढे उभे राहिले की दुकानदार जे देतो ते दान की दंड, हा प्रश्न काही आजचा नाही. महाराष्ट्रात म्हणूनच वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. आपल्या मंडळानं आजवर घरोघरी जाऊनच, चहा पिऊन, वर्गणी घेतली आहे. तो चहा हाच आपला धर्मादाय आयुक्त.

मधल्या काळात सुट्या पैशांचंच काय झालं तेही सांगून टाकतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ६४ चे १०० झाले, आणि आमच्या घरी आईनं महिनाभर भाजीवाल्यांशी वाद घातला. ३० जून २०११ नंतर चार आण्याचं नाणं चलनातून गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून दुकानदार सुट्याऐवजी चॉकलेट देऊ लागले होते. आठ आण्याचं नाणं कागदोपत्री अजून चालतं, पण बारडोलीच्या शाकमार्केटात ते कुणाला देऊन पाहा. मग मोबाइलवरून पैसे देणं आलं. आता ६४७ म्हणजे ६४७, एक पैसाही सुटा लागत नाही. म्हणजे सुटे नाहीत म्हणून वरचे घेऊन टाका, हे निमित्तच उरलं नाही. तरी विचारणारं बटण वाढतंच आहे. पूर्वी सुट्या नाण्याची अडचण दानाच्या पेटीत पडे, आता अडचण नाही आणि पेटी मोबाइलमध्ये आली आहे.

आता आपल्या प्रस्तावाबद्दल. मी कारकुनाचा मुलगा, त्यामुळे माझं मत खात्याच्या बाजूनं जाणार हे तुम्ही ओळखलंच असेल. जुलैच्या सभेत मी हे सगळं थोडक्यात सांगितलं आणि बराच वाद झाला. आपल्यातले एक किराणावाले बंधू म्हणाले, "मी रुपया घेईन, पण माझ्या गल्ल्यातून वेगळा काढायचा, लिहायचा, वर्षाअखेर कचेरीत हिशेब द्यायचा, हे मला जमणार नाही. त्यापेक्षा मी माझ्या खिशातून वर्षाला पाच हजार देतो." मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. त्यांचे पाच हजार आपण घेतले, आणि ते त्यांचं दान आहे, निखालस त्यांचं.

एका औषधांच्या दुकानवाल्या वहिनींनी दुसरा मुद्दा काढला. आजाऱ्याचं औषध घेताना माणूस घाबरलेला असतो, त्याला त्या क्षणी रुपया मागणं त्यांना बरं वाटत नाही. म्हणून त्यांच्या दुकानाला वगळलं. हा मुद्दा माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

बाकीच्या दुकानांसाठी शेवटी असं ठरलं. बिलावर रुपया आपोआप चढणार नाही. काउंटरवर एक पाटी असेल, मराठीत आणि गुजरातीत, त्यावर मंडळाचं नाव आणि 'पडावावरच्या मुलांच्या वह्यांसाठी' एवढंच. शेजारी काचेची बरणी. विचारायचं नाही, मागे रांग असताना तर अजिबात नाही. ज्याला टाकायचा तो टाकेल. बरणी दर शनिवारी दोन सभासदांसमोर उघडायची, मोजायची आणि सोमवारी बँकेत. आपला वकील सभासद ५४ व्या कलमाचं काय ते पाहील. यात पैसा कमी जमेल हे सगळ्यांनी मान्य केलं. तरुण मंडळी थोडी नाराज झाली, त्यांना मोबाइलचा चौकोन लावायचा होता. तोही लावू, पण त्या खात्याचं पासबुक सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढी अट घातली.

बरण्या अनंत चतुर्दशीनंतर दुकानांत जातील. वह्यांची पहिली खेप कोयते उतरले की डिसेंबरमध्ये द्यायची, म्हणजे मुलांची नावं आणि इयत्ता आधी पडावावर जाऊन लिहून आणाव्या लागतील. त्यासाठी रविवारी मोकळी असणारी चार माणसं हवी आहेत, अहिराणी येणारी असतील तर उत्तमच. दरमहा हिशेबाचा कागद मंडळाच्या फलकावर लागेल. पहिला मी लिहिणार आहे. माझं अक्षर वडिलांसारखं नाही, वाचता आलं नाही तर विचारा.